स्नोमोबाइलच्या मागच्या टॉर्शन स्प्रिंगा बदलताना

स्नोमोबाइलच्या, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी ट्रॅक असलेल्या बर्फावरच्या मशिनच्या, सीटवर बसल्याबरोबर मागचं बंपर खाली जातं. रात्री हेडलाइट ट्रेलवर न पडता झाडांच्या शेंड्यांवर पडतो. वळणावर हँडल फिरवलं तरी स्की सरळच जायला बघतात. आणि ट्रेलवरच्या खड्ड्यांच्या रांगेत दोन-तीन धक्क्यांनंतर सस्पेन्शन तळाला आपटतं. ही लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक जण पाना घेऊन मागचा कॅम (स्प्रिंगेचा ताण कमी-जास्त करायचा फिरता ठोकळा) शेवटच्या खाचेवर नेतात. त्याने मशिन उभं असताना उंच दिसतं, बसल्यावर थोडं कमी दबतं, पण खड्ड्यात आपटायचं ते आपटतंच.

मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारियो या पट्ट्यात आता मराठी मंडळी हौसेने जुनी मशिनं विकत घेतात. ती मशिनं बऱ्याचदा पहिल्या मालकाच्या वजनाला जमवलेली असतात, किंवा कारखान्यातून आली तशीच असतात. कारखान्याची स्प्रिंग सरासरी वजनाचा एकटा चालक धरून निवडलेली असते. तुम्ही जाडजूड कपड्यांसकट ११० किलोचे असाल, किंवा मागे कायम कोणी बसणार असेल, तर त्या स्प्रिंगेकडून हे काम होणार नाही. इथे कॅम उपयोगाचा नाही, स्प्रिंगाच बदलायला लागतात. काम अवघड नाही. घाईने केलं तर मात्र धोक्याचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅम काय करतो आणि काय करत नाही

आधी तुमच्या मशिनला टॉर्शन स्प्रिंग आहे का, ते बघा. डोंगरी मशिनांवर मागे पुष्कळदा शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच गुंडाळलेली स्प्रिंग असते, काहींवर हवेचा शॉक असतो. ट्रेलच्या आणि दोघांच्या मशिनांवर मात्र बहुतेक वेळा टॉर्शन स्प्रिंगांची जोडी भेटते. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात जी स्प्रिंग असते, तिचाच हा दणकट अवतार: मधे वेटोळी, दोन बाजूंना दोन दांड्या. वेटोळी मागच्या आर्मच्या (मशिनचं अंग आणि ट्रॅकची चौकट जोडणाऱ्या हलत्या भागाच्या) शाफ्टवर, प्लास्टिकच्या बुशवर (नळीसारख्या तुकड्यावर) बसतात. नेहमीच्या रचनेत आखूड दांडी आर्मला टेकते आणि लांब दांडी रेलवर (ट्रॅकच्या आत लांबीने जाणाऱ्या पट्टीवर) बसवलेल्या कॅमवर. सस्पेन्शन दबलं की दोन्ही दांड्या एकमेकींकडे येतात आणि वेटोळी आवळली जातात. पोलारिस कंपनीच्या बऱ्याच मशिनांवर रचना थोडी वेगळी आहे. तिथे लांब दांडी एका रोलरवरून जाते आणि तीन खाचांचा कॅम दुसऱ्या टोकाला असतो.

कॅम फिरवला की सस्पेन्शन पूर्ण लटकलेलं असतानाच स्प्रिंग थोडी जास्त पिळली जाते. हा झाला प्रीलोड. स्प्रिंगेचा कडकपणा, म्हणजे दर अंशाला ती किती जोर धरते, तो कॅमने तसूभरही बदलत नाही. तो ठरतो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर. त्यातही जाडी सगळ्यांत भारी पडते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १० मिलिमीटरवरून ११ मिलिमीटर झाली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढतो. पोलारिसच्या सुट्या भागांत तारेची जाडी इंचात लिहितात. ०.३५९ वरून ०.३७५ वर गेलात तर वाढ १९ टक्के, ०.३७५ वरून ०.४०५ वर गेलात तर ३६ टक्के. आकडे बघायला एकमेकांच्या शेजारचे वाटतात, बसल्यावर फरक मोठा लागतो.

दुसरा आकडा असतो मोकळ्या स्प्रिंगेच्या दोन दांड्यांमधल्या कोनाचा. हा कोन मोठा असेल तर तीच स्प्रिंग जागेवर बसवताना जास्त पिळावी लागते, म्हणजे कोन हा प्रीलोडच. समजा स्प्रिंगेचा मोकळा कोन ९०° आहे आणि लटकलेल्या सस्पेन्शनमध्ये तो ४५° होतो. म्हणजे पीळ ४५°. त्याच जाडीची, पण १००° कोनाची स्प्रिंग घातली तर पीळ ५५° होईल आणि सुरुवातीचा जोर २२ टक्क्यांनी वाढेल. पूर्ण दबताना आणखी ५०° पीळ पडतो असं धरलं, तर तळाशी ९५° ऐवजी १०५°, म्हणजे वाढ जेमतेम साडेदहा टक्के. थोडक्यात, कोन किंवा कॅम वाढवून वरचा भाग कडक होतो, तळाला फारसं काही मिळत नाही. छोट्या खडबडीत धक्क्याला मशिन टणक लागतं आणि मोठ्या खड्ड्यात तरीही आपटतं. जाड तार मात्र वरपासून खालपर्यंत सारख्याच प्रमाणात जोर वाढवते. वजनाचा प्रश्न असेल तर उत्तर जाड तारेत आहे.

कोणती स्प्रिंग घ्यायची

अंदाजाने घेऊ नका. आधी आहे त्या स्प्रिंगांवर सॅग मोजा, म्हणजे चालक बसल्यावर मागचा भाग किती खाली जातो ते. मशिन सपाट फरशीवर ठेवा. मागचं बंपर धरून सस्पेन्शन पूर्ण लटकेल इतकं वर उचला, पण ट्रॅक फरशीला टेकलेला राहू द्या, आणि बंपरपासून फरशीपर्यंत अंतर घ्या. मग चालकाने हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी अशा सगळ्या जाम्यानिम्यासह सीटवर बसायचं, दोन-तीनदा वरखाली उसळायचं आणि स्थिर व्हायचं. आता पुन्हा तेच अंतर घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. पहिलं माप ७१ सेंटिमीटर आणि दुसरं ६० सेंटिमीटर असेल तर सॅग ११ सेंटिमीटर. शाफ्टमधल्या घर्षणामुळे दुसरं माप फसवतं. म्हणून एकदा बंपर खाली दाबून हळूच सोडून आणि एकदा थोडं उचलून हळूच सोडून मोजा, आणि दोन्हींची सरासरी धरा.

किती सॅग हवी ते मशिनच्या पुस्तिकेत असतं आणि तोच आकडा खरा. पुस्तिका हाताशी नसेल तर मागच्या एकूण ट्रॅव्हलचा (सस्पेन्शन दबायच्या पूर्ण अंतराचा) पाव ते एक तृतीयांश भाग धरून सुरुवात करावी. ट्रेलच्या मशिनांवर हे साधारण ३ ते ५ इंचांच्या आसपास येतं.

आता निवड सोपी आहे. कॅम सगळ्यांत वरच्या खाचेवर असूनही सॅग जास्त येत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, जाडीची एक पायरी वर जा. कॅम सगळ्यांत खाली असूनही सॅग कमी येत असेल तर स्प्रिंग कडक आहे, एक पायरी खाली या. मधल्या खाचेवर सॅग बरोबर येत असेल आणि तरी मशिन आपटत असेल, तर स्प्रिंगा विकत घेण्याआधी शॉक तपासा. तेल गळून किंवा गॅस जाऊन मेलेला शॉक अगदी मऊ स्प्रिंगेसारखाच वागतो, आणि नव्या स्प्रिंगांनी तो बरा होत नाही. हा तपास वगळून स्प्रिंगांवर पैसे घालवणं मला सगळ्यांत वाईट वाटतं.

जाडी तीच ठेवून नुसत्या थकलेल्या स्प्रिंगा बदलायच्या असतील तर जुन्या आणि नव्या स्प्रिंगेची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढून कोन ताडून बघा. जुनीचा कोन मिटलेला दिसला तर ती बसली आहे, म्हणजे कायमची सैल पडली आहे. एकच बाजू बसली असेल तर मशिन त्या बाजूला किंचित झुकलेलं दिसू शकतं. बदलताना मात्र नेहमी जोडीनेच बदला. एक नवी, एक जुनी ठेवली तर आर्म सतत पिळला जातो आणि त्याचे वेल्ड तडकू शकतात.

गुलमर्गला किंवा सोलंगला गेलेल्यांनी बघितलं असेल, तिथे पुढे चालक आणि मागे पर्यटक असंच मशिन चालतं. अशा दोघांच्या वापराला एकट्याची स्प्रिंग कॅम चढवून चालवत राहणं चुकीचंच आहे. उलट बाजूही खरी. अधूनमधूनच कोणी मागे बसत असेल तर एकट्याच्या वजनाला जमणारी स्प्रिंग घ्या आणि दोघांच्या दिवशी कॅम चढवा. कॅम त्याच कामासाठी दिलेला आहे.

स्प्रिंगांसोबत काय मागवायचं

डावी आणि उजवी स्प्रिंग वेगवेगळी असते. दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. डावं-उजवं कायम सीटवर बसून पुढे तोंड करून धरायचं. सुट्या भागाचा क्रमांक दोन्हींचा वेगळा असतो, आणि दोन डाव्या स्प्रिंगा घरी येणं ही नेहमीची गोष्ट आहे. डबा उघडल्यावर दोन्ही जमिनीवर शेजारीशेजारी ठेवून बघा. उलट बाजूची स्प्रिंग कशीबशी बसवता आली तरी भार पडल्यावर वेटोळी आवळली न जाता उघडतात. अशी स्प्रिंग लवकर बसते आणि मग तुटते.

बुश नवे घ्याच. आणि इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी अडचण आहे. वेटोळी पिळली गेली की त्यांचा आतला व्यास कमी होतो. तार जाड झाल्यावर बाहेरचा व्यास तोच असेल तर आतली जागा मुळातच आणखी लहान असते. जुन्या बारीक तारेसाठीचा बुश अशा स्प्रिंगेत हाताने सहज सरकतो, पण सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर वेटोळी बुशला करकचून धरतात. मग बुश तडकतो, कर्रकर्र आवाज येतो आणि स्प्रिंग वेटोळ्यातून दांडी निघते त्या वळणाशी तुटते, कारण ताण तिथेच एकवटतो. म्हणून जाडी बदलली की त्या जाडीला लागणाऱ्या बुशचा क्रमांक सुट्या भागांच्या तक्त्यात वेगळा आहे का, ते बघा.

रुंदीचंही तसंच. तार १ मिलिमीटरने जाड झाली आणि वेटोळी आठ असली तर स्प्रिंग ८ मिलिमीटरने रुंद होते. तेवढी जागा आर्म आणि रेल यांच्यामध्ये आहे का, ते पैसे देण्याआधी मोजा. भार पडल्यावर वेटोळ्यांची रुंदी किंचित वाढते, तेव्हा बाजूला थोडी मोकळीक हवीच.

बाकी सामान: कॅमचे ठोकळे झिजलेले दिसत असतील तर जोडी, रोलर असेल तर रोलर, काढलेल्या प्रत्येक नायलॉनची कडी असलेल्या नटाच्या जागी नवा नट, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव), थंडीत न गोठणारं ग्रीस आणि ग्रीस गन. हत्यारांत सॉकेट, लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना, स्प्रिंग ओढायचं हूकवालं हत्यार, रॅचेटचा एक चांगला पट्टा, ७५ ते ९० सेंटिमीटरचा लोखंडी पाइप आणि मागची बाजू उचलून धरायला भक्कम घोडी. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच.

पीळ सोडवणं

मशिन रात्रभर गरम गॅरेजमध्ये राहू द्या. टनेलमध्ये (ट्रॅकवरच्या धातूच्या छताखाली) अडकलेला बर्फ वितळला नाही तर बोल्ट दिसत नाहीत, आणि गारठलेलं प्लास्टिक पान्याच्या धक्क्याने फुटतं. चावी आणि टेदर (इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी) काढून ठेवा. मागचं बंपर उचलून घोडीवर ठेवा. ट्रॅक जमिनीपासून चार बोटं वर हवा. जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नका, मशिन घोडीवरच बसलेलं पाहिजे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. मशिन उचललं, सस्पेन्शन लटकलं, म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं नाही. वर मांडलेला ४५ अंशांचा पीळ आठवा. तो लटकलेल्या अवस्थेतलाच आहे. या क्षणी शाफ्टचा बोल्ट काढला तर आर्म किंवा दांडी झटक्यात सुटते, आणि मधे आलेलं बोट वाचत नाही. आधी दांडी मोकळी करायची, मगच बोल्टला हात लावायचा. हा क्रम मोडू नका.

दोन्ही बाजूंचे कॅम सगळ्यांत खालच्या खाचेवर आणा. पोलारिसच्या तीन खाचांच्या कॅमला स्पार्क प्लगचा पाना चालतो, आणि तिथे आधी लांब दांडी रोलरवरून उचलून बाजूला घेतली की कॅम हलका फिरतो. ठोकळ्याच्या कॅमवर एकेक खाच उतरत या. सगळ्यांत वरच्या खाचेवरून उलट्या दिशेने थेट सगळ्यांत खाली सोडला तर दांडी आपटते आणि ठोकळ्याचा कोपरा उडतो. काही कंपन्या डाव्या आणि उजव्या कॅमची फिरवायची दिशा वेगवेगळी सांगतात, ती पाळा.

लांब दांडी कॅमवर खालच्या दिशेने दाबत असते. म्हणून ती सोडवायला वर उचलून बाजूला सरकवायची असते. हूकवालं हत्यार असेल तर उत्तम. नसेल तर रॅचेटच्या पट्ट्याचा फास दांडीच्या टोकाजवळ घाला आणि दुसरं टोक मागच्या बंपरला बांधा. एकेक दात आवळत गेलात की दांडी कॅमवरून सुटी होते. एखाद्या लाकडी तुकड्याने तिला बाजूला ढकला आणि मग रॅचेट हळूहळू सैल करा. दांडी खाली, ट्रॅकच्या दिशेने जाते. म्हणून हात, गुडघा, पाऊल तिच्या खाली कधीच असू नये, आणि चेहरा तिच्या फिरण्याच्या रेषेत असू नये. दांडीचं टोक कॅमच्या पलीकडे पुरेसं बाहेर असेल तर त्यावर पाइप चढवूनही हे होतं. पण पाइप निसटू शकतो, म्हणून मला पट्टाच जास्त सुरक्षित वाटतो.

दातेरी जबड्याचा पाना स्प्रिंगेवर लावू नका. तारेवर पडलेला बारीक ओरखडा पुढे तडा होतो. तसंच स्प्रिंग गरम करून वाकवणं किंवा तिची दांडी कापणंही टाळा. तापवल्याने पोलादाचा कस जातो.

दोन्ही बाजूंच्या दांड्या मोकळ्या झाल्यावर वेटोळी हाताने हलतात का, ते बघा. हलली तर पीळ गेला. न हलणारी स्प्रिंग अजून कुठेतरी अडकलेली आहे, तिथे पुढे जाऊ नका.

बोल्ट

शाफ्ट पोकळ, त्याच्या दोन्ही टोकांना आटे, आणि दोन्हीकडून एकेक बोल्ट अशी रचना पुष्कळ मशिनांवर दिसते. एका बाजूचा बोल्ट पूर्ण काढला आणि मग दुसऱ्या बाजूला गेलं की तिथला बोल्ट शाफ्टसकट गोल फिरत राहतो. शाफ्ट आतमध्ये असल्यामुळे धरायला जागा नसते. उपाय असा: एका बाजूचा बोल्ट फक्त सुटा होईपर्यंत पाव आटा फिरवा, पुन्हा हलका आवळा, आता दुसऱ्या बाजूचा सोडवा. दोन्ही एकदा सुटले की मग काढा. थ्रेडलॉकरने धरलेला बोल्ट निघत नसेल तर बोल्टच्या डोक्यावर हीट गनने ऊब द्या, जोर वाढवू नका. टॉर्चची ज्योत इथे नको. जवळ प्लास्टिकचे बुश असतात, रेल ॲल्युमिनियमच्या असतात आणि ट्रॅक रबराचा.

काही मशिनांवर एका बाजूचा बोल्ट काढून आर्म किंचित बाजूला केला की स्प्रिंग शाफ्टवरून सरकून बाहेर येते. काहींवर टनेल आणि रेल यांच्यामध्ये तेवढी जागाच नसते. तिथे ट्रॅक सैल करून मागच्या आर्मचे टनेलला जोडणारे दोन बोल्ट काढावे लागतात आणि सस्पेन्शनचा मागचा भाग खाली उतरवावा लागतो. हे काम एक-दीड तास वाढवतं, पण पाइपने आर्म वाकवून स्प्रिंग घुसवण्यापेक्षा हेच करावं.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशी आहे तशी ठेवली की वॉशर कुठे, बुशची कड कुठल्या बाजूला, आखूड दांडी कुठल्या खोबणीत, हे सगळं समोर दिसत राहतं. तरीही आधी मोबाइलवर फोटो घ्याच.

जुनी स्प्रिंग निघाली की नवी घालायची घाई करू नका, हीच तपासायची वेळ आहे. शाफ्टवर एका बाजूने झीज आहे का, आर्मच्या वेल्डजवळ रंगाखाली केसासारखी रेष दिसते का, कॅमच्या खाचांचे कोपरे गोल झालेत का, रोलर मोकळा फिरतो का. हायफॅक्स (रेलखालच्या प्लास्टिकच्या घसरपट्ट्या) झिजून खुणेजवळ आले असतील तर तेही याच वेळी बदला.

नवी बसवणं

शाफ्ट पुसून घ्या, बुश चढवा, स्प्रिंग सरकवा, आखूड दांडी तिच्या जागी पूर्ण बसली आहे याची खात्री करा. अर्धवट टेकलेली आखूड दांडी पहिल्या खड्ड्यात घसरते. बोल्टला निळं थ्रेडलॉकर लावून आधी हाताने चार-पाच आटे बसवा. हाताने जात नसेल तर आर्म आणि शाफ्ट सरळ रेषेत नाहीत. पान्याने ओढलंत तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि पुढचं काम शाफ्ट बदलण्याचं होतं. सरळ रेषेत आल्यावर पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच टॉर्क द्या.

दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट आवळून झाल्यावरच लांब दांड्या कॅमवर चढवायच्या. पुन्हा तोच पट्टा, तीच सावकाश पद्धत, आणि कॅम सगळ्यांत खालच्या खाचेवर. जाड तारेची स्प्रिंग जुनीपेक्षा लक्षात येण्याइतकी जड ओढते, तेव्हा पट्टा आणि त्याचे हूक धडधाकट हवेत. दांडी खाचेच्या मधोमध बसली आहे ना, दोन्ही बाजूंना सारखी बसली आहे ना, हे बॅटरीच्या उजेडात बघा.

मग जिथे जिथे ग्रीस भरायचं निपल आहे तिथे ताजं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत गन चालवा.

बसवल्यानंतर

मशिन खाली घ्या, बंपर काही वेळा दाबून सस्पेन्शन जागेवर येऊ द्या आणि सॅग पुन्हा मोजा. कॅम खालच्या किंवा मधल्या खाचेवर असताना आकडा जमला तर निवड बरोबर. दोन्ही बाजूंचे कॅम नेहमी एकाच खाचेवर हवेत.

स्प्रिंग बदलली की शॉकचं काम बदलतं. कडक स्प्रिंग दबल्यावर जास्त जोराने परत उसळते, म्हणून रिबाउंड, म्हणजे ही परतीची उसळी रोखणारा शॉकचा अटकाव, वाढवावं लागतं. तसं केलं नाही तर उंचवट्यावरून जाताना मागचा भाग चालकाला वर फेकतो, आणि दोष उगाच स्प्रिंगेवर येतो. शॉकला रिबाउंडचा खटका असेल तर एकेक क्लिक वाढवत एकाच ठरावीक रस्त्यावर फरक बघा. खटका नसेल आणि स्प्रिंग दोन पायऱ्या वर गेली असेल, तर शॉक उघडून आतले शिम (तेलाचा प्रवाह रोखणाऱ्या पातळ चकत्या) जुळवून घेणं हाच मार्ग आहे. ते काम शॉकवाल्याकडेच द्या.

मागची उंची वाढल्यामुळे स्कींवर भार वाढतो. आधी वळणावर सरळ जाणारं मशिन आता वळेल, पण हँडल जड लागेल आणि जुन्या स्कीच्या चाकोऱ्यांत पुढचा भाग इकडेतिकडे पळायला लागेल. तेव्हा पहिली शंका लिमिटरच्या पट्ट्यावर (सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उतरेल ते रोखणाऱ्या पट्ट्यावर) घ्या. मऊ मागच्या स्प्रिंगेवर तोड म्हणून आधीच्या मालकाने तो आखूड केलेला असू शकतो. एक भोक सैल करून बघा. दर वेळी एकच गोष्ट बदला. कॅम, लिमिटर आणि रिबाउंड एकदम फिरवलं तर कशाचा परिणाम कशावर झाला, हे कळायला मार्ग राहत नाही.

मागचा आर्म सैल केला असेल तर ट्रॅकचा ताण नव्याने लावायला लागतो. पुस्तिकेत ठरावीक वजन ट्रॅकच्या खालच्या भागाला लटकवून किती झोळ यायला हवा ते दिलेलं असतं. ट्रॅक जागेवर सावकाश फिरवून दोन्ही रेलपासून सारख्या अंतरावर चालतो का, ते बघा. त्या वेळी मागे कोणीही उभं राहू नये. ज्या बाजूला ट्रॅक ओढला जातोय त्या बाजूचा ताण थोडा वाढवायचा, पाव आट्याहून जास्त एका वेळी नाही.

पहिल्या ३०-४० किलोमीटरनंतर घरी आणून पुन्हा घोडीवर चढवा. सगळ्या बोल्टांचा टॉर्क तपासा, बुशवर पांढरट रेघा किंवा प्लास्टिकचा चुरा दिसतो का ते बघा, दांड्या खाचेत मधोमध आहेत का ते बघा. चुरा दिसला तर बुश त्या तारेचा नाही. सॅग आणखी एकदा मोजा. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते आणि आकडा काही मिलिमीटरने वाढू शकतो. तेवढ्यासाठी कॅम हलवायची गरज नाही. इंचभर फरक आला असेल तर आखूड दांडी तिच्या खोबणीतून घसरलेली असण्याची शक्यता मोठी. पीळ सोडवून तीच बाजू आधी उघडा.